घरात तीन फूट पाणी आणि क्लेममध्ये नेमकं काय बसलं : सोलापुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात घराला पुराचा विमा म्हटलं की समोरचा आधी हसतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणारं शहर, जिल्हा अवर्षणप्रवण, इथे पूर कुठला? पण ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचं पाणी पंढरपुरात शिरलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. शहराच्या उत्तरेला हिप्परग्याचा तलाव भरला की आदिला नदीचं एरवीचं कोरडं पात्र जागं होतं. शिवाय घरात पाणी यायला नदी लागतेच असं नाही. तासाभराचा जोरदार पाऊस आणि तुंबलेला नाला एवढं पुरतं.

हे प्रकरण अशाच एका नाल्यालगतच्या घराचं आहे. ओळख पटू नये म्हणून वस्तीचं नाव आणि तारखा गाळल्या आहेत, रकमाही थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. घटनांचा क्रम आणि क्लेम मंजूर-नामंजूर होण्याची कारणं मात्र आहेत तशीच ठेवली आहेत.

घर तळमजल्याचं, लोडबेअरिंग (म्हणजे भार भिंतींवर), काळ्या मातीवर बांधलेलं, चटई क्षेत्र ७४ चौरस मीटर. घरमालक टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला. त्यांच्या पत्नी घरीच शाळेच्या गणवेशांचं जॉबवर्क करतात : व्यापारी कटिंग केलेले गठ्ठे देतो, शिवून परत द्यायचे, नगावर मजुरी. त्या कामासाठी २०२३ मध्ये मागच्या बाजूला साडेनऊ चौरस मीटरची एक खोली काढली होती. घरावर बँकेचं कर्ज. कर्ज देताना २०२२ मध्ये बँकेने दहा वर्षांची एक पॉलिसी घ्यायला लावली आणि हप्ता कर्जातच धरला. पॉलिसीचा कागद घरी कधी आलाच नव्हता, कुणी मागितलाही नव्हता.

त्या रात्री

रात्री दीडच्या सुमाराला पाणी आधी न्हाणीच्या जाळीतून वर आलं. मग अंगणातल्या चेंबरचं झाकण उचललं गेलं. अर्ध्या तासाने नाला पात्राबाहेर आला, मागची कंपाऊंड भिंत चौदा मीटर लांबीत आतल्या बाजूला कोसळली आणि घरात ३ फूट २ इंच पाणी चढलं. पहाटे पाचला ओसरू लागलं. मागे राहिला वीतभर गाळ.

पाणी कुठून, कोणत्या क्रमाने आलं आणि भिंत कोणत्या बाजूला पडली, हे दोन्ही तपशील पुढे पैशांत मोजले गेले.

प्रश्न काय होता

घरच्यांची समजूत अशी की बँकेची पॉलिसी म्हणजे कर्जाचा विमा, माणूस गेला तर कर्ज फेडणारा. त्यामुळे पहिले दोन दिवस विम्याचा विषयच निघाला नाही. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा शेजारच्या एका निवृत्त क्लार्कने विचारलं, "अण्णा, कर्जाबरोबर घराचा विमा काढला असेल की तुमचा. कागद बघितला का?" बँकेच्या शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत काढली तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

पॉलिसी होती भारत गृह रक्षा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना हे प्रमाणित स्वरूपाचं घरविम्याचं उत्पादन ठेवावंच लागतं, आणि त्याची मूळ कलमं सगळीकडे सारखी असतात. फरक पडतो तो शेड्यूलच्या, म्हणजे आपल्या घराच्या रकमा लिहिलेल्या, पानावर. त्या पानावर इमारतीची विमा रक्कम ₹१५ लाख होती आणि खाली ‘घरगुती सामान : ₹३ लाख’ अशी एक ओळ. या पॉलिसीत इमारतीचा विमा घेतला की घरगुती सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. तीन वर्षं ते संरक्षण या घराला होतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आता प्रश्न असा की नुकसानीच्या लांबलचक यादीतलं या कागदात काय बसतं.

पॉलिसी काय म्हणत होती

बहुतेकांचा हिशेब सरळ असतो : भिजलं म्हणजे भरून मिळेल. पॉलिसी तसं विचारत नाही. ती पाहते की पाणी कशामुळे आलं, भिजलेली वस्तू कुणाची, आणि ती कशासाठी वापरली जात होती.

पूर आणि जलमय होणं हे यातलं ठळक संरक्षण. त्यासाठी पावसाच्या मिलिमीटरची कोणतीही अट नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष सरकारी मदतीचा आणि शेतीच्या नुकसानीचा. घरविम्याचा त्याच्याशी संबंध नाही. ‘आपल्या मंडळात अतिवृष्टी लागली नाही, मग क्लेम कसला’ म्हणून लोक घरी बसतात, ते या गोंधळामुळे.

पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही यात येतं. मात्र गच्ची गळणं, भिंतीला वर्षानुवर्षं चढणारी ओल, झिजेने झालेली खराबी येत नाही. जमीन खचून झालेलं नुकसान येतं, पण नव्या बांधकामाचं नैसर्गिक बसणं, भरावाच्या जमिनीचं खचणं आणि नेहमीचे तडे वगळलेले आहेत. सोलापूरच्या काळ्या मातीत हे वगळणं फार महत्त्वाचं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घरांना तिरके तडे देते. पुराआधीही देत होती.

रोख रक्कम, कागदपत्रं आणि वाहनं वगळलेली. सोनं-नाणं वेगळं घ्यायच्या पर्यायी संरक्षणात. ते घेतलेलं नव्हतं. घरगुती सामान म्हणजे घरच्या वापराचं, धंद्याचा माल नव्हे. शॉर्ट सर्किटने त्या यंत्राचंच झालेलं नुकसान वगळलेलं. आणि एक कलम जे सहसा कुणी वाचत नाही : पॉलिसी सुरू झाल्यानंतर चटई क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढवणारं बांधकाम कंपनीला कळवून, जादा हप्ता भरून एंडॉर्समेंट (पॉलिसीत लेखी बदलाची नोंद) करून घेतल्याशिवाय त्या वाढीव भागाला संरक्षण नाही. ७४ चौरस मीटरवर साडेनऊ म्हणजे जवळजवळ १३ टक्के.

एका बाबतीत मात्र हा कागद जुन्या पॉलिसींपेक्षा उदार आहे. ७४ चौरस मीटरला चौरस मीटरमागे ₹२४,००० बांधकाम खर्च धरला तर घराची रक्कम ₹१७ लाख ७६ हजार व्हायला हवी. बँकेने धरली १५ लाख. जुन्या पद्धतीत कमी विम्याच्या प्रमाणात प्रत्येक रुपयामागे साधारण साडेपंधरा पैसे कापले गेले असते. भारत गृह रक्षामध्ये ही कपात नाही. विमा रकमेच्या मर्यादेत जेवढं नुकसान तेवढं मिळतं. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढतेही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय क्लेम न करण्याचा. सरकारी मदत मिळणारच आहे, विम्याची दगदग कशाला, असं घरमालकांना वाटत होतं. पण राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत किमान १५ टक्के अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ₹६,५०० धरलेले आहेत. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांचा खर्चच ५८ हजार होता. शिवाय ती मदत घेतली म्हणून विमा बाद होत नाही, आणि पंचनाम्याची प्रत विम्याला पुरावा म्हणून चालते. हा पर्याय लवकर मागे पडला.

दुसरा पर्याय एका मध्यस्थाने आणला. ‘फाइल माझ्याकडे द्या, सर्वेअर आपल्या ओळखीचा आहे, मिळेल त्यातले १५ टक्के माझे.’ पूर ओसरला की अशी माणसं गल्लीत हमखास फिरतात. क्लेमचा फॉर्म भरायला पैसे लागत नाहीत, आणि नुकसान तपासून मोजणारा सर्वेअर विमा कंपनीच नेमते. घरमालकांनी त्याला नको म्हटलं. ते बरोबर झालं असं आमचं मत आहे, तत्त्वासाठी नव्हे तर सरळ हिशेबाने : पुढे मंजूर झालेल्या रकमेवर त्याचे जवळजवळ ५४ हजार झाले असते.

तिसरा पर्याय मोहाचा होता. व्यापाऱ्याचं ६२ हजारांचं कापड गाळात गेलं होतं. निळ्या शर्टांचे, खाकी पँटचे तुकडे, शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांत बांधलेले. एका नातेवाइकाने सुचवलं, "घरचे कपडे म्हणून लिहा की, कोण बघतंय!" सर्वेअर बघतो. एकाच मापाच्या साडेतीनशे बाह्या कुणाच्या घरात नसतात. आणि पॉलिसीत खोट्या दाव्याचं कलम कडक आहे : एक वस्तू खोटी निघाली तर अख्खा क्लेम जाऊ शकतो. ६२ हजारांसाठी साडेतीन लाख पणाला लागले असते.

निवडला तो चौथा पर्याय. सगळं लिहायचं, पण प्रत्येक गोष्ट तिच्या खऱ्या नावाने आणि वेगळ्या यादीत : इमारत, घरगुती सामान, जॉबवर्कची यंत्रं, परक्याचं कापड. ज्याला नकार येईल तो लेखी येऊ दे.

काय केलं, आणि कुठे चुकलं

तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या क्लेम क्रमांकावर फोन, लगेच ईमेल. ईमेलमध्ये पॉलिसी क्रमांक, घटनेची वेळ, पाण्याची उंची आणि सहा फोटो. फोनवर मिळालेला क्लेम क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकावर चालला. कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय, अशी मुदत विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. इथे नेमणूक वेळेत झाली. प्रत्यक्ष भेट सहाव्या दिवशी, कारण त्या आठवड्यात जिल्हाभर हीच धावपळ होती.

सर्वेअर येईपर्यंत घर तसंच ठेवायचं की साफ करायचं, हा इथला पहिला खरा निर्णयाचा क्षण. गाळात माणूस राहू शकत नाही, आणि पॉलिसीही नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी आपल्यावरच टाकते. थोरल्या मुलाने एक शहाणपण केलं. हात लावण्याआधी प्रत्येक भिंतीवर पाण्याच्या रेषेशी मिस्त्रीचा स्टीलचा टेप धरून, आकडा दिसेल असे फोटो काढले. प्रत्येक वस्तूचा एक फोटो लांबून, एक तिच्या मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचा. पडलेल्या भिंतीच्या विटा कशा पसरल्यात, त्याचा गच्चीवरून व्हिडिओ. नंतरच फावडं हातात घेतलं. गाद्या कंपनीला कळवल्याच्या दुसऱ्याच दिवशी डंपरमध्ये टाकाव्या लागल्या, वास सहन होत नव्हता. पण प्रत्येक गादीचा कोपरा कापून पिशवीत ठेवला. सर्वेअरने ते तुकडे पाहिले आणि गाद्यांवर वाद झाला नाही.

धाकट्याने त्याच दिवशी चूक केली. वॉशिंग मशीन बाहेरून पुसलं, कोरडं दिसलं, म्हणून चालतं का बघायला प्लग लावला. टक् असा आवाज आणि जळका वास. आतली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) गेली. मोटर आणि बेअरिंगमध्ये पाणी शिरणं हे पुराचं नुकसान. ओल्या यंत्रात वीज सोडून पीसीबी जळणं हे शॉर्ट सर्किटचं, म्हणजे वगळलेलं. फ्रिजला मात्र कुणी हात लावला नव्हता. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने तो उघडून ‘कॉम्प्रेसर व रिले पाण्यात बुडाले, दुरुस्ती परवडणारी नाही’ असं लेटरहेडवर लिहून दिलं आणि तो पूर्ण मंजूर झाला. बुडालेल्या यंत्राचा प्लग सर्व्हिस सेंटरचा माणूस येईपर्यंत लावायचाच नाही, मग ते कितीही कोरडं दिसो.

स्कूटरची कथा थोडक्यात : घरविम्यात वाहन येत नाही, आणि तिचा स्वतःचा विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यात स्वतःच्या गाडीचं काहीच भरून मिळत नाही. मेकॅनिकने किक न मारता आधी ऑइल, प्लग आणि एअर फिल्टर उतरवले म्हणून इंजिन वाचलं. खर्च खिशातून.

सर्वेअरची भेट

भेट दोन तास चालली. चार मुद्द्यांवर चर्चा अडली.

पहिला, पाणी गटारातून आलं की नाल्यातून. सर्वेअरच्या टिपणात आधी ‘ड्रेनेज उलटून पाणी आलं’ एवढंच होतं. नुसतं चेंबर तुंबणं म्हटलं की ती देखभालीची बाब ठरू शकते. घरमालकांनी क्रम समजावून सांगितला : नाला भरून वाहत असल्यामुळे गटाराचं तोंड पाण्याखाली गेलं, म्हणून पाणी उलटं फिरलं, दोन्ही एकाच पुराचे भाग. सोबत पंचनाम्याची प्रत, कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरची त्या मंडळाची पावसाची नोंद आणि शेजारच्या तीन घरांतल्या पाण्याच्या रेषेचे फोटो. रेषा सगळीकडे एकाच पातळीला होती. एका घराचं चेंबर तुंबलं तर चार घरांत समान पातळी येत नाही. सर्वेअरने टिपण बदलून ‘जलमय’ असं लिहिलं.

दुसरा, कंपाऊंड भिंत. अनेकांना वाटतं भिंत, फाटक, सेप्टिक टाकी हे घरात मोजत नाहीत. या पॉलिसीत इमारतीच्या व्याख्येत ते सगळं येतं. अडचण वेगळी होती. भिंत नाल्याकाठच्या भरावावर होती, आणि भराव खचून पडली असती तर ती वगळली गेली असती. गच्चीवरच्या व्हिडिओत विटा अंगणाच्या बाजूला, दहा फुटांपर्यंत फेकल्यासारख्या पसरलेल्या दिसत होत्या. पाया खचलेली भिंत जागच्या जागी किंवा खाली नाल्यात बसते. बाहेरून पाण्याने ढकललेली भिंत अशी आत पडते. ₹७२,८०० पूर्ण मंजूर.

तिसरा, पुढच्या खोलीतले दोन तिरके तडे. ते पुरानंतर लक्षात आले म्हणून यादीत ८५ हजार धरले होते. सर्वेअरने खिशातला पेन काढला, तड्याच्या कडेचा एक कपचा उचकटला आणि मोबाईलचा टॉर्च आत धरला. तड्याच्या आतल्या कडेवर पिवळा रंग, त्यावर पुट्टी, त्यावर आताचा हिरवा. म्हणजे पिवळा रंग देताना तो तडा तिथे होता. या मुद्द्यावर कुणी वाद घातला नाही.

चौथा, मागची खोली आणि तिच्यातलं काम. सर्वेअरने टेपने खोली मोजली, पॉलिसीतलं क्षेत्र पाहिलं आणि त्या खोलीची फरशी-गिलाव्याचे ३८ हजार बाजूला काढले. साध्या पायडलच्या शिलाई मशीनला घरगुती मानलं. जुकी आणि ओव्हरलॉक या दोन औद्योगिक यंत्रांना (₹४६,०००) आणि कापडाला नाही. कापडाला नकाराची दोन कारणं : तो धंद्याचा माल, आणि तो घरमालकांचा नाहीच.

वर्षाच्या ज्वारीबद्दल घरच्यांना खात्री नव्हती. दोन क्विंटल मालदांडी कोठीत भिजून कुजली होती. ती घरच्या वापराची म्हणून ₹८,००० मंजूर झाली. लोक फर्निचर लिहितात आणि कोठीतलं धान्य, पांघरुणं, डबे सोडून देतात. छोट्या-छोट्या या गोष्टींची बेरीज मोठी होते.

निकाल

मागणी गाळ उपशासह ₹६,७८,९०० ची होती. इमारतीचे ₹२,२०,४०० मंजूर झाले : कंपाऊंड भिंत; पाण्याच्या रेषेच्या थोडं वरपर्यंतचा गिलावा-रंग (६४ हजारांपैकी साडेसेहेचाळीस); फुगलेले दरवाजे; ट्रॉल्यांचे ५२ हजार; वायरिंगचे साडेअठरा; हौदाच्या मोटरच्या रिवाइंडिंगचे ३,६००. घरगुती सामानाचे आधी ₹१,२०,५००. गाळ काढायला आणि हौद उपसून धुवायला १२ हजार गेले होते. मलबा काढण्याचा खर्च मंजूर क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतो, म्हणून त्यापोटी ₹६,८१८. एकूण ₹३,४७,७१८.

नाकारलं गेलं ते तडे, मागची खोली, गच्चीच्या गळतीचे २२ हजार, यंत्रं, कापड आणि कपाटातले रोख १४ हजार. रोख रकमेचं फार वाईट झालं नाही. चिकटलेल्या नोटा सावलीत सुट्या करून वाळवल्या आणि बँकेच्या शाखेतून बदलून घेतल्या.

वॉशिंग मशीन पहिल्या फेरीत पूर्ण नामंजूर होतं. इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागला : सोडून द्यायचं की भांडायचं. घरमालकांनी कंपनीच्या तक्रार कक्षाला एका पानाचं पत्र लिहिलं. त्यात पीसीबी मागितली नाही, चूक आमची असं सरळ कबूल केलं. सर्व्हिस सेंटरचा अहवाल जोडून मोटर आणि बेअरिंगचेच ₹११,००० मागितले. दोन आठवड्यांच्या आत ते मंजूर झाले, मलब्याच्या २ टक्क्यांसह ₹११,२२०. अंतिम आकडा ₹३,५८,९३८. पूर्ण मशीन मागून भांडले असते तर पत्र पुन्हा त्याच शॉर्ट सर्किटच्या कलमावर अडलं असतं, असं आम्हाला वाटतं.

तड्यांसाठी विमा लोकपालांकडे जाण्याचाही विचार झाला. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही, ₹५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षभराची मुदत असते. पण रंग-पुट्टीच्या त्या तीन थरांपुढे मांडायला काही नव्हतं. जायचं नाही असं ठरलं.

पैसे हातात पडायला आणखी एक वळण होतं. पॉलिसीवर बँकेचं नाव असल्याने इमारतीचे पैसे आधी बँकेकडे गेले. बँक ते कर्जात वळते करू शकत होती. घरमालकांनी शाखेत लेखी अर्ज दिला की ही रक्कम घर पुन्हा राहण्याजोगं करण्यासाठी आहे, सोबत गवंडी, सुतार आणि वायरमनची बिलं. २३ दिवसांनी पैसे मोकळे झाले. सामानाचे पैसे थेट त्यांच्या खात्यात आले होते.

काय वेगळं करता आलं असतं

एक तर महागात पडली ती न कळवलेली खोली. बांधकाम चालू असतानाच कंपनीला एक पत्र, नकाशा आणि वाढीव क्षेत्राचा थोडा जादा हप्ता दिला असता तर ३८ हजार मिळाले असते. बँकेची पॉलिसी आहे म्हणून एंडॉर्समेंट बँकच करेल असं नसतं. ते काम मालकाचं.

जॉबवर्कसाठी वेगळी पॉलिसी हवी होती. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असलेल्या लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे. यंत्रं, माल आणि परक्याचा ताब्यात ठेवलेला माल त्यात नोंदवता येतो. परक्याचा माल मात्र तसा स्पष्ट लिहावा लागतो, नाहीतर तिथेही हाच वाद. सोलापुरात गणवेश, नाइटी, विड्या, शेंगा चटणी असं काही ना काही किती घरांत चालतं हे पाहिलं तर घरविम्यातली ही फट बरीच मोठी आहे.

तडे पुराने वाढले असं खरोखर वाटत असेल तर कॅमेऱ्याआधी अभियंता बोलवायला हवा होता. मंजूर क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत अभियंता, वास्तुविशारदाची फी या पॉलिसीत मिळते. ती इथे वापरलीच गेली नाही. त्याने कदाचित तडा जुनाच आहे हे सांगितलं असतं, आणि ८५ हजारांची ओळ यादीत आलीच नसती. यादीत एक अशी ओळ दिसली की सर्वेअर बाकीच्या ओळींकडेही संशयाने बघतो. गिलाव्यातली कपात थोडी कडक झाली ती त्यामुळेच असावी.

एकोणीस दिवस कुटुंब बाळीवेशीतल्या मेव्हण्यांकडे राहिलं. घर राहण्यालायक नसताना दुसरीकडे द्यावं लागलेलं भाडं ही पॉलिसी देते, पण भाडं दिलेलं असावं लागतं. पाहुण्यांकडे राहिल्याचं काही मिळत नाही. यात चूक कुणाची नाही. दोन महिने बाहेर काढावे लागले असते तर मात्र भाडेकरार करून राहणं शहाणपणाचं ठरलं असतं.

पूर आल्याच्या दुसऱ्या सकाळी शेजारच्या एकाने पॉलिसी काढायचा प्रयत्न केला. झालेल्या नुकसानीला नंतर काढलेली पॉलिसी लागू होत नाही. त्याला एजंटाने आणखी एक चुकीची माहिती दिली होती, की आता विम्यावर जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला; घरविम्यावर १८ टक्के आहेच.

घरमालकांनी आता एंडॉर्समेंट करून मागची खोली पॉलिसीत आणली आहे. पॉलिसीच्या तीन झेरॉक्स तीन ठिकाणी आहेत, एक मेव्हण्यांकडे. दिवाळीच्या साफसफाईत घरभर फिरून काढलेला बारा मिनिटांचा व्हिडिओ मुलाच्या ईमेलमध्ये पडून आहे. वॉशिंग मशीन विटांच्या दीड फूट ओट्यावर चढलं आहे.

कापडाचे ६२ हजार व्यापाऱ्याने मजुरीतून कापून घ्यायला सुरुवात केली आहे, नगामागे एक रुपया. आता तो गठ्ठा पाठवतो तेव्हा सोबत चलन येतं, त्यावर नगांची संख्या आणि किंमत लिहिलेली असते. मालकीणबाई सही करण्याआधी विचारतात की या मालाचा विमा कुणाच्या नावावर आहे. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.